स्वस्त तिकीट आणि आयरिश समुद्र : डब्लिन–लंडन हवाई मार्गाचा इतिहास

डब्लिन आणि लंडन या दोन राजधान्यांमधील हवाई अंतर जेमतेम साडेचारशे किलोमीटर, म्हणजे विमानाने तासाभराचे आहे. तरीही १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या दोन शहरांदरम्यान ये-जा करणाऱ्या सामान्य आयरिश माणसाचे वाहन विमान नव्हते, तर रात्रीची बोट आणि तिला जोडून सुटणारी आगगाडी हे होते. १९८५ मध्ये या मार्गावर वर्षाला सुमारे १० लाख लोक विमानाने प्रवास करीत, आणि हा आकडा त्याआधीची काही वर्षे जवळजवळ जागच्या जागी होता. पुढच्या दोन वर्षांतच तो दुपटीच्या जवळ पोहोचला आणि शतक संपताना ४० लाखांच्या वर जाऊन हा युरोपातील सर्वाधिक गर्दीचा आंतरराष्ट्रीय हवाई मार्ग ठरला. स्वस्त भाड्याने प्रवासी कसे वाढतात याचे उदाहरण म्हणून हा मार्ग वारंवार दाखवला जातो. परंतु त्याचा इतिहास बारकाईने पाहिल्यास या वाढीचे दोन वेगळे टप्पे दिसतात आणि त्या दोहोंची कारणेही वेगळी आहेत. पहिल्या टप्प्यात भाडे उतरल्यामुळे गर्दी जमली. दुसऱ्या टप्प्यात विमान चालवण्याचा खर्च उतरल्यामुळे ती टिकली. या दोन गोष्टींची गल्लत केल्यास या इतिहासाचा अर्धाच भाग हाती लागतो.

विमानापूर्वीचा मार्ग असा होता. डब्लिनजवळच्या डन लेअरी बंदरातून सुटणारी बोट सुमारे साडेतीन तासांत वेल्सच्या किनाऱ्यावरील हॉलीहेड येथे पोहोचत असे, आणि तेथे वाट पाहत उभी असलेली गाडी प्रवाशांना लंडनच्या यूस्टन स्थानकात उतरवीत असे. संध्याकाळी निघालेला माणूस सामानासह, बहुधा झोपेवाचून, दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामी पोहोचे. एकोणिसाव्या शतकापासून लाखो आयरिश मजूर, परिचारिका आणि घरकामाला जाणाऱ्या मुली याच वाटेने इंग्लंडात गेल्या होत्या. गणपतीला कोकणात उतरणाऱ्या मुंबईच्या चाकरमान्याप्रमाणे हा स्थलांतरितही वर्षातून एकदा, प्रामुख्याने नाताळात, गावी येत असे. त्याहून अधिक फेऱ्या त्याच्या खिशाला आणि रजेला परवडणाऱ्या नव्हत्या, कारण जाण्यायेण्यातच दोन दिवस खर्ची पडत. प्रवासाची इच्छा, नात्यांचे जाळे आणि दोन्ही टोकांना उतरायला घर या तिन्ही गोष्टी या मार्गावर पूर्वीपासून हजर होत्या. पुढे जी गर्दी झाली तिचे मूळ येथे आहे.

विमानसेवा या माणसासाठी का नव्हती, याचे उत्तर तंत्रज्ञानात नसून करारांत आहे. १९४४ च्या शिकागो परिषदेनंतर दोन देशांमधील विमानवाहतूक त्या दोन सरकारांच्या परस्पर करारानुसार चालू लागली. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात १९४६ मध्ये झालेल्या करारानुसार दोन्ही देशांमधील सेवा चालवण्याचा अधिकार एअर लिंगस या १९३६ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश सरकारी कंपनीकडे आला आणि त्या बदल्यात ब्रिटिश सरकारी विमान कंपन्यांना तिच्या भांडवलात ४० टक्के वाटा मिळाला. पुढे हा वाटा संपला व ब्रिटिश कंपनी स्वतः या मार्गावर आली, तरी व्यवस्थेचा गाभा बदलला नाही. प्रत्येक देशाने आपली एक कंपनी नेमायची, किती आसने चालवायची हे आपसांत ठरवायचे, भाड्याला दोन्ही सरकारांची संमती घ्यायची आणि मिळालेले उत्पन्न ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यायचे, अशी ही पद्धत होती; या वाटणीला विमान व्यवसायात ‘पूल’ म्हणत. ज्या व्यवसायात प्रतिस्पर्ध्याच्या गल्ल्यातही आपला हिस्सा असतो, तेथे भाडे उतरवून त्याचे गिऱ्हाईक ओढण्यात कोणालाच रस उरत नाही, हे उघड आहे.

परिणामी १९८० च्या दशकाच्या मध्यास डब्लिन–लंडन परतीच्या, अटी नसलेल्या तिकिटाचे भाडे सुमारे २०८ आयरिश पौंड होते. आधीपासून ठरवून, शनिवारची रात्र परगावी काढून वगैरे अटी पाळणाऱ्यांना काही सवलती मिळत; परंतु आईच्या आजारपणाची तार आल्यावर दुसऱ्याच दिवशी निघणाऱ्या माणसाला त्या सवलतींचा उपयोग नव्हता. अटलांटिकवरील उड्डाणांत एअर लिंगसला खोट येई आणि ब्रिटनकडे जाणाऱ्या मार्गांच्या मिळकतीचा तिला मोठा आधार होता, त्यामुळे आयरिश परिवहन खात्याच्या दृष्टीने या भाड्याचे रक्षण करणे म्हणजे राष्ट्रीय कंपनीचे रक्षण करणे होते. त्याच वेळी देशाची आर्थिक स्थिती बिकट होती. दर सहा कामकऱ्यांमागे सुमारे एक बेकार होता, आणि स्थलांतराचा ओघ पुन्हा वाढू लागला होता. एप्रिल १९८९ ला संपलेल्या एका वर्षात देश सोडून गेलेल्यांची संख्या देशात आलेल्यांपेक्षा सुमारे ४४ हजारांनी अधिक होती, आणि तीही जेमतेम ३५ लाख वस्तीच्या देशात. म्हणजे ज्या काळात लंडनला जाण्याची गरज असलेले लोक सर्वाधिक होते, त्याच काळात तेथे जाणारे विमान त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवले गेले होते.

या व्यवस्थेचा कडेलोट १९८४ च्या उन्हाळ्यात झाला. मंजूर भाड्यापेक्षा कमी दराने तिकीट विकणाऱ्यांना रोखण्याचे कायदेशीर साधन सरकारकडे पुरेसे नाही असे न्यायालयीन वादातून दिसून आल्यावर, सरकारने संसदेत हवाई वाहतूक विधेयक आणले. स्वस्त तिकीट विकणाऱ्या प्रवासी एजंटला एक लाख पौंडांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि परवाना रद्द होणे अशा शिक्षांची त्यात तरतूद होती. ग्राहकाला स्वस्त माल दिल्याबद्दल व्यापाऱ्याला तुरुंगात पाठवणारा हा कायदा फारशा चर्चेवाचून संमत होईल अशी सरकारची अपेक्षा होती. परंतु आपल्या पक्षाच्या संसदीय गटातून नुकतेच बाहेर काढले गेलेले डेस्मंड ओ’मॅली यांनी त्याला कडाडून विरोध केला, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील अर्थतज्ज्ञ शॉन बॅरेट यांनी या धोरणाची किंमत प्रवाशांना किती मोजावी लागते हे मांडले, आणि विधेयक घाईने उरकण्याचा बेत फसला. त्याच वर्षी ब्रिटन आणि नेदरलँड्स यांनी आपसांतील हवाई करार बराच सैल केला होता. ब्रिटिश सरकारचा कल स्पर्धेकडे होता, तेव्हा अडसर होता तो डब्लिनच्या बाजूने. आणि तो अडसर आता राजकीयदृष्ट्या टिकवणे अवघड झाले.

याच फटीतून रायनएअर ही कंपनी आत आली. तिच्यामागे असलेले टोनी रायन हे मूळचे एअर लिंगसचे नोकर. विमाने भाडेपट्ट्याने देणारी गिनेस पीट एव्हिएशन ही कंपनी १९७५ मध्ये शॅनन येथे उभी करून ते श्रीमंत झाले होते. जुलै १९८५ मध्ये रायनएअरची पहिली सेवा आयर्लंडच्या आग्नेयेकडील वॉटरफर्डहून लंडनच्या गॅटविक विमानतळाकडे सुरू झाली. त्यासाठी वापरलेले ब्राझिली बनावटीचे बँडेरांटे विमान पंधरा आसनांचे होते आणि त्याचे छत इतके ठेंगणे होते की हवाई सेविका निवडताना उंची पाच फूट दोन इंचांपेक्षा कमी असावी अशी अट घालावी लागली. पहिल्या वर्षात तिने सुमारे पाच हजार प्रवासी नेले. एवढ्या आकाराच्या कंपनीकडून कोणाला धोका वाटण्याचे कारण नव्हते आणि बहुधा म्हणूनच तिला परवाना मिळणे सोपे गेले.

मे १९८६ मध्ये मात्र रायनएअरला डब्लिन ते ल्यूटन या मार्गाचा परवाना मिळाला. ल्यूटन हे लंडनच्या उत्तरेला सुमारे पन्नास किलोमीटरवरचे, सुट्टीच्या सहलींची विमाने जेथून सुटत असे दुय्यम विमानतळ होते. तेथे ४६ आसनांची, पंख्यांवर चालणारी विमाने घेऊन रायनएअरने परतीचे भाडे सुमारे ९५ पौंड ठेवले. एका दिवसात भाडे ५४ टक्क्यांनी उतरले, आणि एअर लिंगस आणि ब्रिटिश एअरवेज या जुन्या दोन्ही कंपन्यांना आपापली भाडी खाली आणण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. ऑगस्ट १९८७ मध्ये या मार्गावरील प्रवाशांची संख्या ऑगस्ट १९८५ च्या तुलनेत ९२ टक्क्यांनी अधिक होती, हा बॅरेट यांनी नोंदवलेला आकडा या इतिहासातील सर्वांत बोलका आकडा मानावा लागेल. कारण आयर्लंडची अर्थव्यवस्था या दोन वर्षांत सुधारलेली नव्हती, लोकांच्या हाती अधिक पैसा आलेला नव्हता, आणि दोन शहरांमधील अंतरही अर्थातच तेवढेच होते. बदलले होते ते भाडे, आणि त्यासोबत उड्डाणांची संख्या.

हे वाढीव प्रवासी आले कोठून, याचा विचार करताना वाहतूक-अभ्यासक दोन गट करतात. पहिला गट एका साधनावरून दुसऱ्या साधनाकडे वळलेल्यांचा. बोटीने जाणारा माणूस विमानाने जाऊ लागला की तो या गटात मोडतो. दुसरा गट नव्याने घडलेल्या प्रवासाचा. भाडे उतरले नसते तर जो प्रवास झालाच नसता, तो यात येतो. डब्लिन–लंडन मार्गावर दोन्ही गट मोठे होते. बोटीला याचा फटका लगेच जाणवला. बी अँड आय लाइन या आयरिश सरकारी जहाज कंपनीने १९८८ मध्ये डब्लिन–लिव्हरपूल ही आपली जुनी प्रवासी वाट बंद केली. परंतु केवळ बोटीचे प्रवासी पळवून विमानप्रवाशांची संख्या चौपट होऊ शकत नाही. नव्याने घडलेल्या प्रवासाचा मोठा हिस्सा नातेवाईक आणि मित्रांना भेटायला जाणाऱ्यांचा होता. वर्षातून एकदा येणारा स्थलांतरित लग्न, बारसे, अंत्यविधी, गावचा फुटबॉल सामना अशा निमित्तांनी वर्षातून अनेकदा येऊ लागला, त्याचे आईवडील त्याच्याकडे जाऊ लागले, आणि प्रवासी माणसांच्या संख्येपेक्षा प्रत्येक माणसाच्या फेऱ्यांची संख्या अधिक वेगाने वाढली. स्थलांतराचा अर्थच त्यामुळे काहीसा पालटला, कारण परतीचे तिकीट हाताशी असलेल्या माणसाचे घर सोडणे पूर्वीइतके निर्णायक राहिले नाही.

हे परिणाम जवळच्या मार्गांवरच इतक्या तीव्रतेने का दिसतात, याचे एक कारण मागणीच्या लवचिकतेत आहे. किंमत थोडी बदलल्यावर मागणी जितकी बदलते, त्या प्रमाणाला अर्थशास्त्रात लवचिकता म्हणतात. डब्लिनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्याला विमानाखेरीज पर्याय नाही, आणि तिकीट स्वस्त झाले तरी तेथील मुक्कामाचा खर्च व लागणारी रजा कमी होत नाही. त्यामुळे तो वर्षातून पाच वेळा जात नाही. जवळच्या प्रवासात मात्र बोट, गाडी, मोटार हे पर्याय असतात, शनिवार-रविवारच्या जोडसुट्टीत जाऊन येता येते, आणि एकूण खर्चात तिकिटाचाच वाटा सर्वांत मोठा असतो. म्हणून भाडे उतरले की सगळा प्रवासच स्वस्त होतो, आणि जाऊ की नको अशा विचारात असलेले पुष्कळ लोक एकदम जाण्याच्या बाजूला येतात.

परंतु याच आकड्यांत एक अडचण लपलेली होती. भाडे ५४ टक्क्यांनी उतरल्यावर पूर्वीइतकेच उत्पन्न मिळवायचे, तर प्रवासी जवळजवळ २.२ पट व्हावे लागतात. प्रत्यक्षात ते १.९ पट झाले होते. पूर्वीही काही प्रवासी सवलतीच्या दराने जात असल्यामुळे हा हिशेब ढोबळच मानायला हवा, तरी त्याचा रोख स्पष्ट आहे. प्रवासी दुपटीच्या जवळ गेले, विमाने भरलेली दिसू लागली, आणि तरीही या वाढीतून फायदा निघेल याची काही हमी नव्हती. वाढलेल्या प्रवाशांसाठी अधिक उड्डाणे, अधिक इंधन आणि अधिक कर्मचारी लागत होते, हे तर निराळेच. रायनएअरच्या हिशेबात हे लवकरच उतरले. १९८६ मध्ये ८२ हजार प्रवासी नेणारी ही कंपनी वर्षागणिक वाढत गेली आणि तितक्याच नेमाने तोट्यात जात राहिली. १९९० पर्यंत तिचा साठलेला तोटा सुमारे दोन कोटी पौंडांवर गेला.

या तोट्याची कारणे पाहिली असता असे दिसते, की रायनएअर त्या काळी आज ज्या अर्थाने स्वस्त विमान कंपनी म्हणतात त्या अर्थाची कंपनी नव्हतीच. ती जुन्याच पद्धतीने चालणारी, फक्त कमी भाडे आकारणारी लहान कंपनी होती. तिच्याकडे ब्राझीलचे बँडेरांटे, ब्रिटिश ७४८, रुमानियाच्या सरकारी कंपनीकडून वैमानिकांसह भाड्याने घेतलेली बीएसी १-११ जेट आणि नंतर फ्रेंच-इटालियन एटीआर अशी चार जातींची विमाने होती. म्हणजे चार प्रकारचे सुटे भाग, चार प्रकारचे प्रशिक्षण आणि एका जातीचा वैमानिक आजारी पडल्यास दुसऱ्या जातीच्या वैमानिकाचा उपयोग नाही. १९८८ मध्ये तिने बिझनेस क्लास आणि वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी सवलत-मंडळही सुरू करून पाहिले आणि ते दोन्ही प्रयोग गुंडाळले. कंपनी बुडू नये म्हणून १९८९ मध्ये आयरिश सरकारनेच मध्ये पडून दोन्ही आयरिश कंपन्यांमध्ये मार्गांची विभागणी केली आणि लंडनचे स्टॅनस्टेड विमानतळ काही वर्षांसाठी रायनएअरकडे राखून ठेवले. ज्या स्पर्धेमुळे भाडी उतरली होती, ती टिकवण्यासाठी स्पर्धेलाच आवर घालावा लागला, हा या टप्प्याचा विरोधाभास होय.

यावरचा उपाय अमेरिकेत, टेक्सास राज्यात, वीस वर्षांपूर्वीच सापडलेला होता. अमेरिकेत १९३८ पासून सिव्हिल एअरोनॉटिक्स बोर्ड ही केंद्रीय संस्था राज्याराज्यांमधील हवाई मार्ग आणि भाडी ठरवीत असे. परंतु एकाच राज्याच्या हद्दीत उडणाऱ्या विमानांवर तिची सत्ता चालत नव्हती. या पळवाटेचा उपयोग कॅलिफोर्नियात १९४९ पासून पॅसिफिक साउथवेस्ट एअरलाइन्सने केला होता. तोच धडा गिरवीत रोलिन किंग आणि वकील हर्ब केलेहर यांनी १९६७ मध्ये टेक्सासमधील डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो या तीन शहरांना जोडणारी कंपनी नोंदवली. जुन्या कंपन्यांनी तिला कोर्टात खेचले. साडेतीन वर्षांच्या खटल्यांनंतर साउथवेस्ट एअरलाइन्सचे पहिले विमान १८ जून १९७१ रोजी उडाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने एक छोटासा प्रयोग केला. दर शुक्रवारी रात्री एक विमान देखभालीसाठी ह्यूस्टनहून डॅलसला रिकामे नेले जात असे. ते रिकामे नेण्यापेक्षा दहा डॉलर भाड्याने आसने विकावीत असे लामार म्यूज या अध्यक्षांनी ठरवले, आणि जवळपास जाहिरातीवाचून ते विमान भरू लागले. एरवी वीस डॉलरला जी आसने रिकामी राहत, त्यांना दहा डॉलरला गिऱ्हाईक होते, हे यातून ध्यानात आले. त्यावरून दिवसाच्या उड्डाणांना कामाने फिरणाऱ्यांसाठी वरचा दर आणि रात्रीच्या व शनिवार-रविवारच्या उड्डाणांना हौशी प्रवाशांसाठी निम्मा दर अशी दुहेरी भाडेपद्धती बसवली गेली.

याहून महत्त्वाचा शोध नाइलाजातून लागला. १९७२ मध्ये पैशांच्या टंचाईमुळे साउथवेस्टला आपल्या चार विमानांपैकी एक विकावे लागले, पण चार विमानांचे वेळापत्रक तीन विमानांवर चालवण्याचे तिने ठरवले. त्यासाठी विमान फलाटाला लागल्यापासून पुन्हा निघेपर्यंतचा वेळ, ज्याला या व्यवसायात ‘टर्नअराउंड’ म्हणतात, दहा मिनिटांवर आणावा लागला. पुढच्या दाराने प्रवासी उतरत असतानाच सामान खाली यायचे, इंधन भरले जायचे, हवाई सेविका मागून केबिन आवरत पुढे यायच्या, आणि आसन-क्रमांक नसल्याने नवे प्रवासी मिळेल त्या जागी बसायचे. या घाईचे मोल साध्या हिशेबाने कळते. समजा, दिवसाला पंधरा तास विमान वापरायचे आहे आणि एक उड्डाण सत्तर मिनिटांचे आहे. दोन उड्डाणांमध्ये ५५ मिनिटे गेली तर दिवसात सात उड्डाणे होतात. २५ मिनिटे गेली तर नऊ होतात. तेच विमान, त्याच हप्त्याच्या पैशांत, रोज दोन उड्डाणे अधिक करते, आणि त्या आसनांचा खर्च बहुतांशी इंधन व विमानतळशुल्काएवढाच पडतो. सात तासांच्या लांब उड्डाणात मात्र वाचवलेल्या अर्ध्या तासातून जास्तीचे उड्डाण निघत नाही. स्वस्त विमानसेवा जवळच्या मार्गांवर रुजली आणि दूरच्या मार्गांवर तिला पाय रोवणे जड गेले, याचे दुसरे कारण हे आहे. पहिले कारण प्रवाशाच्या खिशाचे होते, हे विमानाच्या घड्याळाचे.

रायन कुटुंबाने कंपनीत आणखी दोन कोटी पौंड घातले आणि १९९०-९१ मध्ये तिची फेरमांडणी सुरू झाली. तिचे हिशेब पाहणारे तरुण अधिकारी मायकेल ओ’लिअरी यांनी डॅलसला जाऊन साउथवेस्टची कार्यपद्धती पाहिली, आणि तिकडचा धडा इकडे आणताना तो अधिक कडकही केला. बिझनेस क्लास नाही, फुकट खाणेपिणे नाही. १९९४ पासून हळूहळू एकाच जातीची, १३० आसनांची बोइंग ७३७ विमाने. दोन्ही दारांना लावलेल्या शिड्यांवरून चढउतार, म्हणजे विमानतळाच्या हवाई पुलाचे शुल्क नाही. आणि पंचवीस मिनिटांत परतीची तयारी. लंडनचा तळ १९९१ मध्ये स्टॅनस्टेडला हलला, जेथे नुकतीच बांधलेली प्रशस्त इमारत प्रवाशांची वाट पाहत होती. त्याच वर्षी ब्रिटिश एअरवेज डब्लिन–हीथ्रो मार्गावरून बाजूला झाली. १९९३ मध्ये युरोपीय समुदायाने आपल्या सर्व विमान कंपन्यांना भाडे ठरवण्याची मोकळीक दिल्यावर सरकारी संमतीचा प्रश्नच उरला नाही, आणि १९९५ पर्यंत रायनएअर ही एअर लिंगसला मागे टाकून डब्लिन–लंडन मार्गावरील सर्वांत मोठी कंपनी झाली. पहिल्या टप्प्यातील वाढ तोट्याच्या खांद्यावर उभी होती. या दुसऱ्या टप्प्यात भाडी आणखी उतरली, प्रवासी आणखी वाढले, आणि फायदाही होऊ लागला, कारण आता प्रत्येक आसनामागचा खर्चच भाड्याच्या खाली होता.

या बदलाचे पडसाद मार्गाच्या बाहेरही उमटले. एअर लिंगसला १९९३ मध्ये सरकारी भांडवल घेऊन नोकरकपातीसह स्वतःची फेररचना करावी लागली, आणि पुढच्या दशकात तिला स्वतःच स्वस्त सेवेचा मार्ग धरावा लागला. बोटीनेही हार मानली नाही. १९९६ मध्ये हॉलीहेड–डन लेअरी मार्गावर आलेले स्टेना कंपनीचे वेगवान जहाज साडेतीन तासांचे अंतर सुमारे ९९ मिनिटांत कापू लागले आणि मोटारीसह प्रवास करणाऱ्यांना त्याने धरून ठेवले. पश्चिम आयर्लंडात मेयो परगण्यातील नॉक या तीर्थक्षेत्राजवळ जेम्स होरन या धर्मगुरूने, सरकारने मदतीचा हात आखडता घेतल्यावर वर्गणी जमवून, डोंगरमाथ्यावर विमानतळ बांधला. त्याचे उद्घाटन रायनएअरची ल्यूटन सेवा सुरू झाली त्याच मे १९८६ मध्ये झाले. या पांढऱ्या हत्तीची थट्टा झाली होती. परंतु त्याच डिसेंबरात तेथून ल्यूटनला विमान जाऊ लागले, आणि मेयोतून इंग्लंडात गेलेल्या पिढ्यांनी तो विमानतळ जिवंत ठेवला. या स्वस्ताईला अर्थात दुसरी बाजूही आहे. शहरापासून दूरचे विमानतळ, कर्मचारी संघटनांशी दीर्घकाळ चाललेला संघर्ष, स्थानिक विमानतळांकडून मिळणाऱ्या सवलतींवरून उठलेले वाद आणि वाढत्या उड्डाणांचा पर्यावरणावरील भार, हा सगळा या गर्दीचाच खर्च आहे, मात्र तो तिकिटावर छापलेला नसतो.

भाड्याने जमलेली गर्दी खर्च चढताच कशी विरते, याचा पडताळा कॅलिफोर्नियात मिळाला. पॅसिफिक साउथवेस्ट ही कंपनी १९८८ मध्ये युएसएअर या जड खर्चाच्या कंपनीत विलीन झाली आणि कॅलिफोर्नियातील भाडी चढली. १९९० मध्ये साउथवेस्ट ओकलंड–बरबँक या छोट्या मार्गावर उतरली, तेव्हा भाडे निम्म्याहून खाली आले आणि प्रवाशांची संख्या काही पटींनी वाढली. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने १९९३ मध्ये अशा मार्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या घटनेला ‘साउथवेस्ट परिणाम’ असे नाव दिले. हे नाव नेमके आहे. कारण हा परिणाम कोणत्याही स्वस्त तिकिटाचा नसून, स्वस्तात विमान चालवणे जमलेल्या कंपनीच्या आगमनाचा आहे.

भारतातील अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. जवळच्या मार्गांवर प्रवासी वाढावेत म्हणून केंद्र सरकारने आणलेल्या ‘उडान’ योजनेतील पहिल्या उड्डाणांचा प्रारंभ २७ एप्रिल २०१७ रोजी झाला आणि त्यांत नांदेड–हैदराबाद हा मराठवाड्याला जोडणारा मार्ग होता. साधारण तासाभराच्या उड्डाणातील निम्म्या आसनांचे भाडे अडीच हजार रुपयांच्या आसपास बांधून दिले गेले, आणि कंपनीची तूट तीन वर्षे सरकारने भरून द्यायची अशी व्यवस्था झाली. भाडे उतरल्यावर प्रवासी आले. परंतु भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ मधील अहवालानुसार, योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी मदतीची मुदत संपल्यानंतरही चालू राहिलेले मार्ग केवळ ५४ होते. नांदेडची सेवा चालवणाऱ्या ट्रूजेट कंपनीची उड्डाणेही २०२२ मध्ये थांबली. अनुदानाने तिकिटाची किंमत खाली येते. मात्र लहान विमानाच्या प्रत्येक आसनामागचा खर्च, इंधनाचा दर आणि दिवसाकाठी होणाऱ्या मोजक्या फेऱ्या त्याने बदलत नाहीत.

डब्लिन–लंडन मार्गाच्या इतिहासाचे महत्त्व त्यामुळे आकड्यांच्या भव्यतेपेक्षा त्यांच्या क्रमात आहे. आधी करारांची भिंत कोसळली, मग भाडे उतरले, मग गर्दी झाली, मग ती गर्दी जमवणारी कंपनी बुडता बुडता वाचली, आणि त्यानंतरच खर्च उतरून सगळी व्यवस्था पायावर उभी राहिली. १९८६ नंतरची चार-पाच वर्षे रायन कुटुंबाची तिजोरी आणि १९८९ चा सरकारी हस्तक्षेप या दोहोंनी ती कंपनी तगवली नसती, तर दोन जुन्या कंपन्यांची भाडी पुन्हा चढण्यास फारसा अडथळा उरला नसता, आणि ऑगस्ट १९८७ चा तो आकडा एका अल्पजीवी स्वस्ताईची नोंद म्हणून राहिला असता. कोणत्याही नव्या छोट्या मार्गावरील पहिल्या वर्षाची गर्दी पाहून निष्कर्ष काढण्यापूर्वी, ते विमान दिवसाला किती फेऱ्या करते आणि प्रत्येक आसनामागे किती खर्च येतो, हे आधी विचारले पाहिजे.